ठिपका सापडल्यानंतर

लघुग्रह शोधमोहिमेत पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा दुसऱ्याच रात्री मला एक हलणारा ठिपका दिसला. घरच्यांना उठवून दाखवला. सकाळी कळलं, तो कॅमेऱ्यातला सदोष पिक्सेल होता.

‘अ‍ॅस्ट्रोमेट्रिका’ या सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या एकाच भागाची तीन-चार चित्रं आलटून पालटून बघायची असतात. तारे जागचे हलत नाहीत. लघुग्रह सरळ रेषेत, सारख्या वेगानं सरकतो. माझा ठिपका तिसऱ्या चित्रात भलतीकडेच गेला होता. शिवाय शेजारचे तारे गोलसर, कडेला विरत गेलेले, आणि हा एकटा टोकदार. तेव्हा आधी आकार बघा, मग हालचाल. ज्ञात लघुग्रहांची फाइलही ताजी उतरवून घ्या, नाहीतर जुन्याच लघुग्रहाला नवा समजाल.

ठिपका खरा निघाला, लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे त्याच्या जागेची मोजमापं गेली आणि दुसऱ्या रात्रीही तो सापडला, तर तात्पुरतं नामांकन मिळू शकतं. ते वाचायला शिका, फार मजा येते. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आधी ‘२००६ व्हीपी३२’ होता. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरं अक्षर क्रम सांगतं. ‘आय’ वगळून पंचवीस अक्षरं संपली की पुन्हा ‘ए’पासून, आणि ३२ म्हणजे तशा बत्तीस फेऱ्या झाल्या. ‘पी’ पंधरावं. म्हणजे त्या पंधरवड्यातला ८१५वा!

आपलं नाव कधी देता येईल, हे नवखे लगेच विचारतात. ते सगळ्यात शेवटी. एक-दोन रात्रींत लघुग्रहाच्या मार्गाचा तुटपुंजा तुकडा, म्हणजे कंसच, दिसतो आणि त्यात कितीतरी कक्षा बसतात. सूर्यापासून सरासरी २.७ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) अंतरावरचा लघुग्रह साडेचार वर्षांत एक फेरी मारतो आणि साधारण सव्वा वर्षानं पुन्हा प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, येतो. अशा सहसा चार प्रतियुतींत तो दिसला, कक्षा पक्की झाली, की कायमचा क्रमांक मिळतो. जसराजांच्या लघुग्रहाचा ३००१२८. उलटा वाचा: २८-१-३०, त्यांची जन्मतारीख.

क्रमांक मिळाल्यावर शोधकाला नाव सुचवायला दहा वर्षं असतात. नाव सोळा अक्षरांच्या आत हवं. राजकारणी आणि सेनानींसाठी मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. जसराजांचं नाव २०१९मध्ये लागलं, शोधानंतर तेरा वर्षांनी.

मी आता नव्या ठिपक्यांइतक्याच मनापासून, क्रमांक न मिळालेल्या जुन्या लघुग्रहांची मोजमापं पाठवतो. दर प्रतियुतीला त्यांचा कंस थोडा लांबतो.