नॅस सर्व्हरवरचे युजर हक्क आणि अलर्ट : या चुका टाळा

जिनिंगच्या ऑफिसात, पतसंस्थेत, तालुक्याच्या कॉलेजात आता राउटरशेजारी एक काळा डबा ठेवलेला दिसतो. हाच नॅस, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली नेटवर्कवर एकाच जागी ठेवणारा सर्व्हर. आत दोन किंवा चार हार्डडिस्क. नागपूर-अमरावतीहून माणूस येतो, फोल्डर बनवून देतो, प्रत्येक कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह दाखवतो आणि चहा घेऊन निघून जातो. डबा स्वतः क्वचितच दगा देतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच प्रश्नांत असतं : कोणाला काय करता येतं, आणि काही बिघडलं तर ते कोणाला कळतं.

सगळ्यांना एकच ॲडमिन

पतसंस्थेत मॅनेजर, रोखपाल, क्लार्क असे सगळेच ‘ॲडमिन’ नावाने आत जातात. मार्चएंडला कर्जाच्या फायलींचा फोल्डर गायब झाला की लॉग, म्हणजे नॅसने कोणी काय केलं याची ठेवलेली नोंद, उघडला जातो. त्यात डिलीट करणाऱ्याचं नाव असतं : ॲडमिन. मग नुसती एकमेकांकडे बोटं.

प्रत्येक माणसाला स्वतःचा युजर द्या. आधी वेगळ्या नावाचा नवा ॲडमिन बनवा, त्याने लॉगिन होतंय याची खात्री करा, त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि मगच जुना ‘ॲडमिन’ बंद करा. हा क्रम उलटा केला तर स्वतःच बाहेर राहाल. या नव्या ॲडमिननेही रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह जोडू नका. त्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, तर जोडलेल्या युजरला जिथे-जिथे लिहिता येतं ते सगळं ते कुलूपबंद करतं. राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवणं तर त्याहून घातक. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस यंत्रं अशीच पकडली, तिथे फोल्डरवरचे हक्क कामाला आले नाहीत.

जिनिंगचं वेगळंच. दसरा-दिवाळीपासून काट्यावर हंगामी पोरं येतात, उन्हाळ्यात जातात आणि त्यांचे पासवर्ड मात्र वर्षानुवर्षं चालू राहतात. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅससारख्या यंत्रावर युजर बनवतानाच खातं कोणत्या तारखेला बंद व्हावं ते टाकता येतं. हंगामी माणसाचं खातं त्या तारखेशिवाय बनवूच नका.

‘नो ॲक्सेस’चा टिक

सर्वांत जास्त डोकं इथे खाल्लं जातं. ‘हिशेब’ नावाचा फोल्डर फक्त अकाउंटंटला दिसावा म्हणून कोणीतरी ‘युजर्स’ या ग्रुपला ‘नो ॲक्सेस’ (प्रवेश बंद) देतो आणि अकाउंटंटच्या नावापुढे ‘रीड-राइट’ (वाचा आणि लिहा) लावतो. कागदावर बरोबर वाटतं. दुसऱ्या दिवशी फोन : “भाऊ, कालपर्यंत उघडत होतं, आज काहून नाही उघडत?”

कारण अकाउंटंटही ‘युजर्स’ ग्रुपमध्येच आहे. त्या ग्रुपमध्ये नॅसवरचा प्रत्येक माणूस आपोआप असतो. सिनॉलॉजीवर हक्कांची टक्कर झाली की ‘नो ॲक्सेस’ सगळ्यांवर मात करतो, त्याखाली ‘रीड-राइट’ आणि सगळ्यात शेवटी ‘रीड ओन्ली’ (फक्त वाचा). त्यामुळे नकार एकदा कुठेही लागला की बाकीचे सगळे होकार वाया. उपाय सोपा आहे : ‘युजर्स’ ग्रुपला त्या फोल्डरवर काहीच देऊ नका, तिन्ही चौकटी रिकाम्या ठेवा. ज्याला काहीच दिलं नाही त्याला तसंही आत जाता येत नाही. मग ‘हिशेब’ नावाचा ग्रुप करा, त्याला ‘रीड-राइट’ द्या आणि अकाउंटंटला त्यात टाका. उद्या अकाउंटंट बदलला तर फक्त ग्रुपमधला माणूस बदलायचा, फोल्डरला हात लावायचा नाही.

याच क्रमाची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. नव्या क्लार्कला नावाने ‘रीड ओन्ली’ दिलं, पण तो ज्या ग्रुपमध्ये आहे त्याला ‘रीड-राइट’ आहे. मग क्लार्कला लिहिताही येतं आणि पुसताही येतं. नावापुढचा ‘रीड ओन्ली’ तिथे शोभेपुरता.

एकाच फोल्डरमधल्या काही फायली उघडतात आणि काही उघडत नाहीत, असं झालं तर शेअरचे, म्हणजे नेटवर्कवर दिसणाऱ्या अख्ख्या फोल्डरचे, हक्क तपासण्यात वेळ घालवू नका. शेअरचे हक्क आणि आतल्या फायलींचे हक्क हे दोन वेगळे थर आहेत, दोन्हींतून पास झालं तरच फाइल उघडते. बहुधा दुसरीकडून हलवलेल्या फायली आपले जुने हक्क सोबत घेऊन आलेल्या असतात. वरच्या फोल्डरचे हक्क आतल्या सगळ्या फायलींना लागू करा.

हक्क बदलला, तरी फरक नाही

विंडोज जुनं कनेक्शन धरून बसतं. एकाच सर्व्हरला एका कॉम्प्युटरवरून एकाच वेळी दोन युजरनावांनी जोडू देत नाही, म्हणून नवं नाव टाकलं की एरर येतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) नॅसची जुनी नोंद काढा, लॉगऑफ होऊन पुन्हा या. आधी हे करा, मग नॅसला दोष द्या.

काट्यावरचा विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर जोडता यावा म्हणून अख्ख्या नॅसवर एसएमबीची (विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवरचे फोल्डर उघडतं तिची) पहिली आवृत्ती चालू करणारेही भेटतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्या एका कॉम्प्युटरसाठी एफटीपीचा (फायली पाठवण्याची जुनी पद्धत) वेगळा युजर करा आणि त्याला काट्याच्या पावत्यांचा एकच फोल्डर द्या. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्या युजरला बाकी काहीही नको.

लॉगमधली वेळ

फाइल दुपारी दीडला पुसली गेली, लॉग म्हणतो सकाळी आठ. सकाळी आठला ऑफिसात फक्त झाडू मारायला येणाऱ्या मावशी असतात, मग संशय त्यांच्यावर. प्रत्यक्षात नॅसचा टाइमझोन भारताचा केलेलाच नसतो, घड्याळ साडेपाच तास मागे. टाइमझोन नीट करा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळू द्या. घड्याळ फारच चुकलं, तर मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासताना गाडी अडते आणि अलर्टही जात नाहीत. सिनॉलॉजीवर कोणी कोणती फाइल पुसली याची नोंद मुळात बंद असते, ती हाताने चालू करावी लागते. फोल्डर गेल्यावर चालू करून उपयोग नाही.

अलर्ट कोणाला जातो?

बसवणाऱ्याने सेटिंग करताना स्वतःचा मेल टाकलेला असतो. त्याने नोकरी सोडली, की डिस्क खराब होत असल्याचे मेल कोणीच वाचत नाही. सेक्रेटरी आणि कॉम्प्युटर बघणारा, असे निदान दोन पत्ते ठेवा.

जीमेलवरून अलर्ट पाठवण्याची जुनी पद्धत ३० मे २०२२ पासून बंद पडली. नुसता जीमेलचा पासवर्ड टाकून आता चालत नाही. गुगल खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, सोळा अक्षरी ॲप पासवर्ड बनवा आणि तो नॅसमध्ये टाका, पोर्ट ५८७. मग ‘टेस्ट मेल’ दाबा, आणि मेल मोबाइलवर येईपर्यंत जागेवरून उठू नका.

एसएमएसच्या भरवशावर मी कोणाला ठेवत नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांमुळे भारतात असा मेसेज पाठवायला डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत नोंदणी आणि मंजूर टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) लागतं. परदेशी गेटवेवरून पाठवलेला नॅसचा मेसेज वाटेतच थांबू शकतो.

सगळ्याच घटनांवर टिक करणं ही उलट्या बाजूची चूक. कोण आला, कोण गेला याचे रोज ढीगभर मेल येतात, चार दिवसांत माणूस ते न वाचताच पुसायला लागतो. डिस्कची तब्येत, रेड (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून केलेली डिस्कची जोडणी) तुटणं, जागा संपत येणं, पंखा आणि तापमान, यूपीएस बॅटरीवर जाणं, चुकीच्या लॉगिनमुळे पत्ता ब्लॉक होणं, बॅकअप फसणं, एवढं पुरे. शिवाय आठवड्याला ‘बॅकअप झाला’ असा एक मेल मुद्दाम येऊ द्या. सोमवारी तो आला नाही की समजायचं, अलर्टची यंत्रणाच बंद पडली आहे.

आपल्याकडे वीज जाणं रोजचंच. नॅसला यूपीएस असतो, राउटरला आणि फायबरच्या डबीला नसतो. मग ‘वीज गेली’ हा मेल निघायला वाटच नाही. ती दोन्ही त्याच यूपीएसवर घ्या. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो स्वतःच नीट बंद होईल. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि रविवारी एसी बंद, त्यात जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्यात अडकतात. तापमानाचा अलर्ट तिथे नुसता चालू ठेवून भागत नाही, दर पंधरवड्याला पंख्याची जाळी पुसावी लागते.

आणि तो बीप. डिस्क गेली की नॅस ओरडतो, ऑफिसातलं कोणीतरी वैतागून ‘बीप बंद’ दाबतं आणि दोन डिस्कचा रेड महिनोन्महिने एकाच डिस्कवर चालतो. बीप ऐकू आला की स्क्रीनवर कोणत्या खणातली डिस्क खराब आहे ते बघा, तिचा सिरियल नंबर लिहून घ्या, बॅकअप ताजा आहे का पाहा. बाहेर काढलेल्या डिस्कवरचा नंबर लिहिलेल्या नंबराशी जुळवा, मगच नवी डिस्क बसवा. घाईत शेजारची चांगली डिस्क ओढणारे कमी नाहीत.