भात पोटरीत येतंय, आधी बिळं बुजवा

उत्तन, गोराई, मनोरी, वसई आणि आरेतले पाडे, जिथे जिथे अजून भात उभं आहे तिथल्यांसाठी उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचा हा सल्ला. तो याच पंधरवड्यापुरता कामाचा आहे. हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात पोटरीत आलंय, कणीस अजून पानाच्या आवरणात आहे. निमगरवं म्हणजे मध्यम मुदतीचं मागोमाग येईल. एकदा दाणा दुधात भरला की उंदीर आणि घूस तुमच्या आमिषाला तोंड लावत नाहीत. त्यानंतर कितीही पैसे ओता, तिरके कापलेले चूड (भाताची बेटं) मोजत बसण्यापलीकडे काही उरत नाही.

दरवर्षी नुकसान होतं ते एकाच हलगर्जीपणामुळे. औषध आणायचं आणि बांधावर दिसेल त्या भोकात टाकायचं. त्या भोकांतली कितीतरी रिकामी असतात, काहींत खेकडे असतात, एखाद्यात घोणसही असते. उंदीर राहतो तिसरीकडेच. औषध संपतं, उंदीर तसेच राहतात आणि मग दोष औषधाला दिला जातो. बिळं बुजवायला पैसा लागत नाही. लागते ती एक संध्याकाळ आणि फावडं. तरीही नेमकं तेच काम टाळलं जातं.

क्रम असा ठेवा. पहिल्या संध्याकाळी बांधावरची झाडून सगळी बिळं ओल्या मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली, तिथे काठी रोवून खूण करा. घूस आपलं बीळ आतून मातीने स्वतःच बंद करते, त्यामुळे उघडं भोक शोधत बसू नका, ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग शोधा. पुढचे दोन दिवस खुणेच्या बिळांत बिनविषारी आमिष टाका, म्हणजे तांदळाचा किंवा गव्हाचा भरडा, त्याला थोडं गोडेतेल चोळून. उंदीर संशयी प्राणी आहे. नवा पदार्थ आधी चाखून बघतो, पोट बिघडलं तर पुन्हा शिवत नाही. म्हणून ही दोन दिवसांची सवय लावणं चुकवू नका. त्याच भरड्यात मी मूठभर जवळ्याचा चुरा मिसळायला सांगतो. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत तो नाही, पण आपल्या किनाऱ्यावरची घूस त्याला लवकर भुलते असा माझा अनुभव आहे.

नंतर विषारी आमिष: भरडा ४८० ग्रॅम, गोडेतेल १० ग्रॅम, झिंक फॉस्फाईड १० ग्रॅम. हातमोजे घालून काठीने मिसळा. लागेल तेवढंच त्याच दिवशी बनवा. ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो, आणि या विषावर उतारा नाही. प्रत्येक बिळात साधारण १० ग्रॅमची कागदी पुडी काठीने आत ढकला आणि तोंड मातीने हलकं बंद करा. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. दहा-बारा दिवसांनी बिळं पुन्हा बुजवून बघा. जी उकरली जातील तिथे ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्क्याचं तयार आमिष १५ ग्रॅम. झिंक फॉस्फाईड याच हंगामात पुन्हा वापरू नका, वाचलेले उंदीर त्याला ओळखून असतात.

पाऊस धो धो असताना काहीही टाकू नका. पण जोराची सर येऊन खाचरं भरली की उंदीर बांधावर गोळा होतात, तेव्हा उघडीप मिळताच त्याच संध्याकाळी बुजवणी करा. याहून चांगली वेळ नाही.

खारजमिनीत धोका दुप्पट. तिथे घूस भात तर खातेच, शिवाय बाहेरच्या बांधाला भोकं पाडते आणि उधाणाचं खारं पाणी आत घेते. पनवेल-१, पनवेल-३ सारखी क्षार सोसणारी जात लावली असली तरी फुटलेल्या बांधाला ती काय करणार? अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांध पायी फिरून बघा.

एकट्याने करून मात्र भागत नाही. शेजारचं खाचर आणि त्यापलीकडचा बिल्डरने पत्रे ठोकून सोडलेला गवताळ प्लॉट, उंदीर तिथूनच येतात. सगळ्यांनी एकाच दिवशी बुजवणी करा. प्लॉटमालक ऐकत नसेल तर निदान कुंपणालगतचं गवत कापून घ्या.

बाकीची कामं:
– बांधावरचं गवत काढणे
– नत्राचा शेवटचा २० टक्के हप्ता राहिला असल्यास देणे
– तपकिरी तुडतुड्यांसाठी चुडांच्या बुंध्यात पाहणी
– खाचरात पक्षीथांबे लावणे. धामण दिसल्यास मारू नये

आता दुकानदारांचं. सौरऊर्जेवर आवाज काढणारी डबी उघड्या शेतात फुकट आहे. थिमेट म्हणजे फोरेट या कीटकनाशकावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, मागच्या दाराने कोणी देत असेल तर घेऊ नका. सध्या जोर आहे दुर्बीण लावलेल्या एअरगनचा. ४.५ मिमी नळीची, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून ती खपवतात, वर ‘निशाणा सेट करून देतो’ म्हणतात. दुकानात सेट केलेला निशाणा तुमच्या कामाचा नाही. छर्रा बदलला की तो सरकतो. स्प्रिंगची एअरगन दोन्ही बाजूंनी झटका देते, त्यात साधी दुर्बीण लवकरच ढिली होते. घेतलीच असेल तर पक्क्या मातीच्या बांधासमोर १० मीटरवर कागद लावा, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवा, तीन छर्रे मारा आणि तिन्हींच्या मध्यावरून दुर्बीण फिरवा, एका छर्र्यावरून नाही. मग २५ मीटरवर तेच करा. दुर्बिणीची एक खटक तिथे निशाणा जेमतेम पावणेदोन-दोन मिलिमीटर सरकवते. एवढा खटाटोप करून उपयोग फक्त कणगीपाशी किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात. उभ्या भातात रात्री दिसतं काय? मुंबई महापालिकेचे मूषक संहारक काठी आणि बॅटरी घेऊन फिरतात, त्यांना दुर्बीण लागत नाही. वस्तीत छर्रा दगडावरून उसळून कोणाच्याही डोळ्यात जाईल. पोपट किंवा मोरावर झाडलात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा.

कातकरी मंडळी बिळं खणून उंदीर आणि आत साठवलेलं भात दोन्ही काढतात. खणायला येणार असतील तर विष टाकण्याआधी बोलवा. विष टाकल्यावर त्या बांधावरचा उंदीर कोणी खाऊ नये, हे पाड्यावर प्रत्यक्ष जाऊन सांगा. बिळात हात घालू नका. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नका, आणि अशा कामानंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर लेप्टोची (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका डॉक्टरांना आपणहून सांगा.