पेन टॅबलेट घ्यायच्या आधी पट्टी शोधा

मागच्या वर्षी मी घाईघाईत पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडून पेनाने चित्रं-अक्षरं काढायची पाटी) घेतला, सहा महिने त्याच्याशी झगडले आणि शेवटी निम्म्या किमतीत विकून टाकला. आता दुसरा घेतलाय, तो मस्त चाललाय. मध्ये दोघी-तिघींनी विचारलं की कुठला घेऊ, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

स्क्रीनवाला की बिनस्क्रीनचा, हे आधी ठरवा. पहिलाच असेल तर बिनस्क्रीनचा. हात खाली आणि नजर वर, याची सवय व्हायला थोडे दिवस जातात, रोज अर्धा तास बसलात तर होतेच. तेवढ्यावरून घाबरून महागाचा स्क्रीनवाला घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, ॲक्टिव्ह एरिया. म्हणजे टॅबलेटच्या ज्या भागात पेन चालतं तेवढाच भाग. मी फोटो बघितला, टॅबलेट चांगला वहीएवढा दिसला, घेतला. घरी आल्यावर बघते तर बटणं आणि कडा सोडून पेन चालायची जागा पोस्टकार्डाहून जेमतेम मोठी. आणि हे कोणी लपवलेलं नसतं हो, सगळं लिहिलेलं असतं, आपणच वाचत नाही. उदाहरणार्थ वॅकॉमचा इंट्यूओस स्मॉल बाहेरून २०० × १६० मिमी आहे आणि आतली जागा १५२ × ९५ मिमी. मीडियमची आतली जागा २१६ × १३५. बाहेरचं माप बघून निर्णय घेऊच नका.

याने काय बिघडतं ते सांगते. मी लग्नपत्रिकांची आणि पाट्यांची देवनागरी अक्षरं करते, मॉनिटर २४ इंची, म्हणजे रुंदी साधारण ५३ सेंमी. १५ सेंमीचा टॅबलेट त्यावर पसरला की हात १ सेंमी हलला तर पडद्यावर साडेतीन सेंमी रेघ जाते, आणि हाताची थरथरही तेवढीच मोठी होऊन दिसते. सगळ्यात वाट लागली शिरोरेषेची. एवढ्याशा जागेत रेघ मनगटातून ओढली जाते, मनगट टेकलेलं असतं, त्यामुळे लांब रेघ सरळ न जाता कमानीसारखी वाकते. झूम करून ओढली तर सरळ यायची, पण मग शब्द तुकड्यातुकड्यांत लिहावा लागायचा आणि अक्षरांचा तोल जायचा. स्टॅबिलायझर (हाताची थरथर कमी करणारं सॉफ्टवेअरमधलं सेटिंग) वाढवला तर रेघ पेनाच्या मागे रेंगाळायला लागली. मोठ्या टॅबलेटवर तीच शिरोरेषा कोपरातून ओढता येते आणि सरळ येते, एवढा फरक आहे. फोटोंना नुसतं टचअप करणार असाल किंवा छोट्या लॅपटॉपवर काम असेल तर स्मॉल पुरतो, पण अक्षरं, लांब रेघा, मोठा मॉनिटर यातलं काहीही असेल तर मीडियम किंवा १० × ६ इंचाच्या आसपासचा बघा, ह्युऑन एच१०६०पी किंवा एक्सपी-पेन डेको ०१ त्या मापात येतात.

आणि घ्यायच्या आधी हे कराच. जुना पेपर घ्या, पट्टीने मोजून दोन तुकडे कापा, एक बाहेरच्या मापाचा आणि एक आतल्या मापाचा. बाहेरचं माप टेबलासाठी, आतलं माप हातासाठी. मोठा तुकडा कीबोर्डसकट टेबलावर मावतो का बघा (१० इंची टॅबलेट बाहेरून ३५ सेंमीच्या आसपास जातो, छोट्या टेबलावर कीबोर्डला हलवावं लागतं), मग छोट्या तुकड्यावर साध्या पेनाने तुमचं नेहमीचं काम काढून बघा. हात अडखळला की उत्तर मिळालं. पाच मिनिटांचं काम आहे, मी ते केलं नाही आणि सहा महिने घालवले.

मापासोबत रुंदी-उंचीचं प्रमाणही बघा, ते लोक हमखास विसरतात. बरेच टॅबलेट १६:१० असतात आणि मॉनिटर १६:९. ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) टॅबलेट ताणून पूर्ण स्क्रीनवर बसवतो, त्यामुळे हाताने गोल काढला तरी पडद्यावर आडवा पसरतो. माझ्या प्रत्येक ‘ठ’चं पोट अंड्यासारखं यायचं आणि मला वाटायचं हातच बिघडलाय! ड्रायव्हरमध्ये स्क्रीनच्या प्रमाणात ठेवायचं सेटिंग असतं, ते लावा, पण मग १५२ × ९५ मधली उंचीची जवळपास १ सेंमी जागा वाया जाते. म्हणजे ॲक्टिव्ह एरिया अजून कमी. हे धरून माप निवडा. दोन मॉनिटर असतील तर टॅबलेट एकाच मॉनिटरला जोडा, नाहीतर आहे ती जागा दोघांत वाटली जाते.

प्रेशर लेव्हलच्या (पेनावरच्या दाबाच्या किती पायऱ्या टॅबलेटला कळतात त्या आकड्याच्या) मागे धावू नका. ८१९२ आणि ४०९६ मधला फरक मला तरी हाताला कळला नाही, २०४८ वरही सुंदर काम होतं. त्यापेक्षा किती हलक्या टेकण्याने रेघ उमटायला लागते ते महत्त्वाचं, कारण बारीक टोकाची सुरुवात तिथेच होते. कुणाचा टॅबलेट वापरायला मिळाला तर हेच तपासा. टिल्टची सोय असेल तर बरं, पण बोरूसारखी रेघ पाहिजे म्हणून टिल्टसाठी जास्त पैसे देऊ नका. टिल्टने पेनाचा कल कळतो, पेन बोटांत फिरवलेलं साध्या पेनांना कळत नाही. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चपटा ब्रश घेऊन त्याचा कोन पक्का केला की बोरूचं काम भागतं, आणि क्रिटा फुकट आहे.

पेन बिनबॅटरीचंच घ्या, आता बहुतेक तसलीच येतात, पेनाला लागणारी ऊर्जा टॅबलेटमधूनच मिळते. निब (पेनाची टोकं) झिजतात, खरखरीत पृष्ठभागावर जास्त लवकर झिजतात. डब्यात जादा निब किती आहेत आणि पुढे सुट्या मिळतात का हे बघा. निबला धारदार कड आली की लगेच बदला, नाहीतर टॅबलेटवर ओरखडे पडतात.

मोबाइलला जोडायचा विचार असेल तर थांबा. अँड्रॉइडवर चालतो म्हणतात ते खरं, पण फोन उभा असला की बऱ्याच टॅबलेटवर एका बाजूची छोटीशी पट्टीच चालते. परत तेच, ॲक्टिव्ह एरिया!

डावखुरे असाल तर ड्रायव्हरमध्ये टॅबलेट उलटा फिरवता येतो. जुना ड्रायव्हर काढल्याशिवाय नवा टाकू नका. विंडोजवर प्रेशर लागत नसेल तर विंडोज इंकचं सेटिंग चालू-बंद करून बघा, मॅकवर परवानग्या द्या. वॉरंटी, बिल, नेहमीचंच. परत करायचे नियम मात्र आधी वाचा, मला ‘बदलून मिळेल, पैसे नाही’ असं उत्तर मिळालं होतं.

टॅबलेट घरी आला की त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्याचं छोटं, गोल प्लॅस्टिकचं झाकण टॅबलेटवर ठेवून पेनाने त्याच्या कडेकडेने गोल काढा (स्टीलची वाटी नको, धातूने पेनचा सिग्नल बिघडू शकतो). मग पट्टी पडद्याला लावून गोलाची रुंदी आणि उंची मोजा. सारखी आली नाही तर प्रमाणाचं सेटिंग राहिलंय.