घर सजवायचं? आधी वही काढा, पेंटरला मागून बोलवा

दिवाळी जवळ आली की आपल्या विदर्भातल्या गावात पेंटर सापडत नाही, आणि सापडला तं दारात उभा राहून विचारते, "कोणता कलर मारू?" मग घरातले पाच जण पाच रंग सांगतात. बैठक गुलाबी, सैपाकखोली पोपटी, आणि पोरगं मोबाईलमधला तो करडा फोटो दाखवून राहिलं. एकेक खोली पाहिली तं बरी वाटते, पण सगळं मिळून घर काही एका माणसांचं वाटत नाही. रंगाच्या आधी प्लॅन पाहिजे, आणि त्याला डिझायनर नाही लागत, पोरांची अर्धी कोरी वही लागते.

वहीत पहिलं काय लिहायचं, तं आपलं घर वर्षभर काय काय करते ते. महिन्यानुसार लिहा. फोटोतल्या घराला काही काम नसते, आपल्या घराला असते न! दिवाळीनंतर कापूस घरात येते, भाव नसला की बैठकीतच पडून राहते, छतापर्यंत, आणि अंगाला खाज सुटली की सगळे ओसरीत झोपायला. सोयाबीन, तुरीचे पोते वेगळे. भाद्रपदात महालक्ष्म्या (गौरी) बसतात, त्यांना एक अख्खी भिंत पाहिजे आणि समोर पंगतीला जागा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, तेव्हा सगळं घर कूलरच्या खोलीत. लग्नसराईत खाली गाद्या टाकून दहा पाहुणे.

हे लिहून झालं की अर्धं काम तिथंच झालं समजा. कापसाच्या खोलीत पीओपी, महागडा सोफा, भिंतीवरचा वॉलपेपर काहीच नको, तिथं साधा चुना किंवा डिस्टेंपर, दरवर्षी मारून टाकायचा. महालक्ष्म्यांच्या भिंतीवर टीव्हीचं युनिट ठोकू नका, नाही तं दर वर्षी ते खोलायला माणूस शोधत बसाल. आणि सोफ्याची जागा कूलर ठरवते, आपण नाही. कूलरची खिडकी आणि हवा बाहेर जायची समोरची खिडकी, या दोघींच्या मध्ये कपाट उभं केलं की संपलं, खोलीत नुसती ओल धरते.

दुसऱ्या पानावर ज्या गोष्टी बदलणारच नाही त्या लिहा: फरशी, छत, दारं. रंग इथून काढायचा, शेडकार्डातून नाही. जुनं सागवानी दार असेल (चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग आपल्या जुन्या घरांमध्ये भरपूर आहे) आणि त्यावर निळा ऑइलपेंट चढवला असेल तर तो खरवडून काढून पॉलिश करा, नवीन फर्निचर घ्यायच्या आधी हे करा, कारण त्या एका दाराचा तपकिरी रंग अख्ख्या घराला धरून ठेवते. कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं छत असलं तं त्याचा विटकरी रंग आधीच हजर आहे, मग जांभळी भिंत कशी बसेल सांगा.

आता घरातल्या प्रत्येकाला विचारा, या घरातली कोणती वस्तू फेकू देणार नाही? आजीला पण विचारा, तिलाच आधी. कोणी पितळेचा पाण्याचा गुंड म्हणेल, कोणी आजोबांची लोखंडी पेटी, कोणी जुन्या लुगड्यांची वाकळ. त्यातली एक निवडा आणि तिचे रंग बघा. पितळेचा पिवळा, सागाचा तपकिरी, भिंतीला मळकट पांढरा, झाला तुमचा संच. तीनच रंग. चौथा आणायचा असेल तं उशीच्या खोळीत आणा, भिंतीवर नाही.

सगळं एकमेकांशी जुळणारं घर म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहायचं असेल तं वर्ध्याजवळ सेवाग्रामला एक चक्कर मारा. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, आणि आज जिला बापू कुटी म्हणतो ती मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची झोपडी. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचंच. लोक म्हणतात सामान कमी आहे म्हणून छान वाटते, मला नाही पटत, सामान कमी असलेली भकास घरं काय कमी आहेत? भिंत, जमीन, चटई सगळं एकाच मातीच्या रंगातलं आहे म्हणून ते जमलं.

खोल्या एकमेकींना जोडायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खालचा पट्टा. आपल्याकडे माणसं भिंतीला टेकून बसतात, डोक्याच्या तेलाचे डाग पडतातच, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचे पाय घरभर. तं सगळ्या खोल्यांना खाली तीनेक फूट गडद ऑइलपेंट, एकच रंग, आपल्या तीन रंगांतलाच गडद असेल तो चालते. वरची भिंत मग थोडी इकडे तिकडे असली तरी घर एक वाटते. पडद्याचं कापडही एकाच ताग्याचं घ्या.

रंगाचा नमुना दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पसंत करू नका. छोटा डबा आणून भिंतीवर हातभर पट्टा मारा, भर दुपारी पाहा आणि रात्री घरच्या बल्बमध्ये पाहा. मशीनवर बनवलेल्या रंगाचा कोड वहीत लिहून ठेवा, "तोच क्रीम द्या" म्हटलं की दुकानदार भलताच क्रीम देते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गडद रंग तं अजिबात नको, संध्याकाळी हात लावून बघा म्हणजे समजेल काऊन ते. आणि काळ्या जमिनीवरच्या घराला भेगा पडतात, पाण्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून भेगेवर नुसती पुट्टी मारून डिझाईन काढू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

पैशाचा क्रम असा ठेवा: गळती, मग वायरिंग आणि पंख्याचे पॉईंट, मग रंग, मग फर्निचर. गळती अन् ओल उन्हाळ्यातच काढायची, ओल्या भिंतीवर दिवाळीचा रंग मारला की पुढच्या पावसात पोपडे निघतात.

शोभेच्या वस्तू सगळ्यात शेवटी, आणि त्यातही प्लास्टिकच्या फुलांच्या आधी जवळचं बघा: भद्रावतीची मातीची भांडी, भंडाऱ्याकडचं पितळ, गावातल्या बुरडाकडून बांबूची विणून घेतलेली टोपली, जिच्यात दिव्याचा होल्डर बसवला की मस्त लॅम्प होते. सगळं एकदम आणू नका. मातीच्या भिंतीत तसाही खिळा टिकत नाही, लाकडाच्या खुंट्या बसवून घ्या, फोटोही लागते आणि पाहुण्याची थैलीही.