४५० चे शिखर पाहिल्याशिवाय थाळ्या लावू नका

एम्स चाचणी तुम्ही एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात केलेली असेलच, म्हणून तिची आठवण एका ओळीत: एखादा पदार्थ जनुकांत बदल घडवतो का, हे साल्मोनेला जीवाणूच्या थाळीवर उगवणाऱ्या वसाहतींवरून पाहायचे. उंदराच्या यकृतातील एन्झाइमांच्या एस९ मिश्रणावर विसंबण्याऐवजी साल्मोनेलातच मानवी सीवायपी१ए२ (पी४५० गटातले एक एन्झाइम) आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे रिडक्टेज यांची जनुके घातली, तर एखाद्या उत्परिवर्तकाला (जनुकांत बदल घडवणाऱ्या पदार्थाला) हेच मानवी एन्झाइम सक्रिय करते का, हे वेगळे तपासता येते. साल्मोनेलाचे स्वतःचे पी४५० नसल्याने उत्तर स्वच्छ मिळते; मात्र घातलेले एन्झाइम खरोखर काम करीत असले तरच.

सांगलीत माझे चार महिने इथेच वाया गेले. एन्झाइमने सक्रिय केल्यावरच उत्परिवर्तन घडवणाऱ्या २-अमिनोअँथ्रासीनच्या थाळीवर रिकाम्या (एन्झाइमचे जनुक नसलेल्या) प्लाझ्मिडच्या थाळीइतक्याच वसाहती येत होत्या. जेलवर प्रथिनाचा पट्टा ठळक होता आणि २-नायट्रोफ्लोरीनच्या थाळ्या भरून येत होत्या, त्यामुळे ‘हे एन्झाइम हा पदार्थ सक्रिय करीत नाही’ असे मी प्रगती अहवालात लिहिले. ते साफ चूक होते. नायट्रोफ्लोरीनला पी४५० लागतच नाही, जीवाणूचे नायट्रोरिडक्टेज ते काम करते. आणि पट्ट्यावरून प्रथिन आहे एवढेच कळते, त्याची घडी नीट पडली का, त्यात हीम हा लोहयुक्त घटक बसला का, हे कळत नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी पाण्याच्या फ्लास्कमध्ये साधा थर्मामीटर बुडवून तो जीवाणू वाढवायच्या शेकरमध्ये ठेवला. तापमान २८ वर लावलेले होते, पारा ३६ वर होता. आमचा शेकर तापवू शकत होता, थंड करू शकत नव्हता. थाळ्या ३७ अंशांवरच ठेवायच्या असतात, तेव्हा एवढा फरक चालेल, असा माझा समज होता. घडी पडून गेल्यावर ३७ अंश चालतात. आयपीटीजी (जनुक चालू करणारे रसायन) घातल्यावर प्रथिन तयार होत असताना चालत नाहीत. शाबूत पी४५० ला कार्बन मोनॉक्साइड जोडला की वर्णपटात ४५० नॅनोमीटरला शिखर येते; फ्यूम हूडमध्ये तो वायू सोडून वर्णपट घेतला, तेव्हा ४५० नॅनोमीटरला काहीच नव्हते. शिखर ४२० ला होते, म्हणजे एन्झाइम निकामी.

हा वर्णपट टाळायला सांगणाऱ्या सीनियरचे ऐकू नका. जुन्या वहीतली कृती उतरवून देणाऱ्यापेक्षा शेजारी उभा राहून आलेख पाहणारा मार्गदर्शक मला केव्हाही मोठा वाटतो. हीम बनवायला लागणारे डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल माध्यमात घालायलाही विसरू नका.

घाबरून विषय मात्र सोडू नका. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेने थंड होणारा शेकर दोन दिवस वापरू दिला, तोच स्ट्रेन आणि तीच कृती ठेवून ४५० ला शिखर आले, पुढच्या ४८ तासांत अमिनोअँथ्रासीनची थाळी वसाहतींनी भरली आणि अहवालातले ते वाक्य मी खोडले.