घडीचा चाकू कसा पारखावा आणि त्याचा संग्रह कसा करावा

रोज खिशात बाळगण्यासाठी चांगला घडीचा चाकू घेऊ पाहणारा बहुतेक माणूस पहिल्यांदा पोलादाचे नाव विचारतो. माझ्या मते तो प्रश्न तिसरा असावा. त्याआधी सांधा पाहावा आणि मग पात्याची जाडी पाहावी, कारण घडीच्या चाकूत पाते आणि मूठ एकसंध नसतात, आणि त्याची सगळी दुर्बलता पाते जिथे फिरते त्या एका खिळीपाशी एकवटलेली असते. सुतळी कापणे, पार्सल उघडणे, फळ सोलणे, पेन्सिलीला टोक करणे अशा कामांना कोणतेही बऱ्यापैकी पोलाद पुरते. ढिला सांधा मात्र चाकूला निरुपयोगी आणि धोकादायक बनवतो.

सांधा तपासण्यासाठी चाकू आधी मिटलेल्या अवस्थेत उजेडासमोर धरावा. पाते दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसलेले असावे. ते एका बाजूला घासत असेल तर काही महिन्यांत त्यावर ओरखडे दिसू लागतात. मग पाते पूर्ण उघडावे, मूठ एका हातात घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ पकडून ते डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावे. आडवा खेळ किंचित असेल आणि खिळीच्या जागी स्क्रू असेल, तर तो बहुधा घट्ट करता येतो. उभा खेळ असेल तर दोष लॉकच्या, म्हणजे उघडे पाते जागी अडकवून धरणाऱ्या भागाच्या, बसण्यात असतो आणि घरी तो सहसा दुरुस्त होत नाही, म्हणून असा चाकू नवा असल्यास परत करावा.

ज्या पारंपरिक चाकूंना लॉक नसते, ज्यांचे पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, त्यांची पारख अधिक बारकाईने करावी लागते आणि कारागिराचा हात तिथेच दिसतो. पाते उघडताना आणि मिटताना ताण सारखा असावा आणि शेवटच्या टप्प्यात ते स्वतःहून खट्कन जागेवर बसावे. पाते मिटलेले असताना आणि पूर्ण उघडे असताना मुठीच्या पाठीवरून अंगठा फिरवावा; दोन्ही वेळी स्प्रिंग आजूबाजूच्या धातूशी सपाट लागली, कुठेही उंचवटा किंवा खड्डा जाणवला नाही, तर तो चाकू मन लावून बनवलेला आहे असे समजावे. स्प्रिंग आणि बाजूची पट्टी यांच्यामधून उजेड दिसू नये. ज्या चाकूचे पाते अर्ध्यावर, काटकोनात थांबते, त्याची त्या स्थितीतली पातळीही पाहावी. महाग चाकूंतही इथे उणीव सापडते, म्हणून ही तपासणी किंमत पाहून सोडून देऊ नये.

लॉक असलेल्या चाकूंत मुख्य प्रकार मोजकेच आहेत. पाठीवर दाबायच्या लॉकचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेतला बक 110. तो 1964 साली बाजारात आला आणि आजही बनतो. मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुंध्यामागे, म्हणजे सांध्याजवळच्या बिनधारेच्या भागामागे, येते तो लायनर लॉक. त्याला आजचे रूप मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने 1980च्या दशकात दिले. तेच काम पट्टीऐवजी मुठीच्या जाड भिंतीकडून करून घेण्याची, म्हणजे फ्रेम लॉकची, कल्पना क्रिस रीव्ह या चाकू-कारागिराची. त्यांचा सेबेंझा हा चाकू आजही या प्रकाराचा मापदंड मानला जातो. या दोन्ही प्रकारांत पट्टी बुंध्यावर किती सरकली आहे ते पाहावे. नव्या चाकूत ती बुंध्याच्या साधारण चौथ्या भागापासून निम्म्यापर्यंत आलेली असावी. अगदी काठावर असेल तर लॉक सुटण्याची भीती असते, आणि पार दुसऱ्या टोकाला पोहोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नसते. लॉकची चाचणी घेताना बोटे पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवावीत आणि पाठीवर हाताने हळूहळू दाब वाढवावा. टेबलावर पाठ आपटून पाहण्याची पद्धत अनेकजण वापरतात, पण तिने चांगले लॉकही खराब होते आणि रोजच्या वापरात लॉकवर तसा आघात कधी येत नाही.

आता पात्याची जाडी. चाकू कापतो तो धारेच्या लगेच मागे धातू किती पातळ आहे यावर. पाठीपाशी दोन-तीन मिलिमीटर आणि धारेच्या वर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडी असलेले पाते सफरचंदातून सरळ जाते. जाड पाते त्याच सफरचंदाला पाचरीसारखे फोडते. दुकानात मोजमाप शक्य नसेल तर पाते टोकाकडून पाहावे आणि दोन्ही उतार पाठीपासून धारेपर्यंत सलग, समसमान आले आहेत का ते बघावे. धारेची पट्टी दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीची असावी. एका बाजूला ती रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल, तर पुढे प्रत्येक वेळी धार लावताना ती विषमता निस्तरावी लागते. विकत घेतल्यानंतरची साधी परीक्षा म्हणजे वर्तमानपत्राचा कागद आणि पिकलेला टोमॅटो: कागद न अडखळता कापला जावा आणि टोमॅटोची साल दाब न देता तुटावी.

पोलादाकडे वळताना हे ध्यानात घ्यावे की त्याच्या नावाइतकेच त्याला दिलेले पाणी, म्हणजे त्यावर केलेला उष्मोपचार, महत्त्वाचे असते. एकच पोलाद एका कारखान्यात उत्तम धार धरते आणि दुसऱ्याकडे मऊ किंवा ठिसूळ निघते. बकचे 420एचसी हे कागदावर सामान्य पोलाद आहे, पण पॉल बॉस या तज्ज्ञाच्या उष्मोपचाराच्या पद्धतीमुळे त्याने चांगले नाव कमावले. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे पाते मुद्दाम कठीणपणाच्या रॉकवेल मापावर 55-56 इतकेच कठीण ठेवलेले असते. त्याची धार लवकर उतरते, पण साध्या दगडावर किंवा चिनीमातीच्या कपाच्या तळाशी ती मिनिटभरात परत येते. उलट 2001 साली आलेले सीपीएम एस30व्ही हे चूर्ण-पोलाद (धातूच्या भुकटीपासून बनवलेले पोलाद) जास्त काळ धार टिकवते, कारण त्यात सुमारे 4 टक्के व्हॅनेडियम असते आणि त्याचे कार्बाइड कण फार कठीण असतात. हे कण नेहमीच्या दगडांपेक्षाही कठीण असल्याने त्याला हिऱ्याची पट्टी लागते. ज्याला धार लावता येत नाही त्याने महाग पोलाद घेतले, तर बोथट झाल्यावर तो चाकू पेटीतच पडून राहतो. आधी धार लावायला शिकावे आणि मग पोलादावर पैसे खर्च करावेत.

याच कारणासाठी संग्रहाची सुरुवात तीन साध्या चाकूंनी करावी असे मी आग्रहाने सांगतो. पहिला फ्रान्सच्या सावोआ प्रांतातला ओपिनेल क्रमांक 8. जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू 1890च्या सुमारास घडवला आणि फिरत्या कड्याचे लॉक त्याला 1955 साली मिळाले. साडेआठ सेंटिमीटरचे पातळ पाते, बीच लाकडाची मूठ आणि एक कडे एवढ्यातच तो पूर्ण होतो; पातळ पाते म्हणजे काय हे समजायला याहून स्वस्त शिक्षक नाही. दुसरा स्वित्झर्लंडच्या ईबाख गावातला व्हिक्टोरिनॉक्स, ज्याचा संस्थापक कार्ल एल्सनर याने 1891 साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. पाठीच्या स्प्रिंगचे काम कसे असावे हे त्यात दिसते. तिसरा जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी: दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ आणि लॉक अजिबात नाही, पात्याच्या मागे आलेली छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरायची. हे तिन्ही वापरून झाले की आपला हात काय मागतो हे आपोआप कळते आणि पुढची खरेदी डोळसपणे होते.

पुढचा संग्रह एखाद्या विषयाभोवती बांधावा: एका गावचे चाकू, एका घाटाची वेगवेगळ्या कारखान्यांतली रूपे, किंवा लॉकच्या विकासाचे टप्पे. स्पायडर्को कंपनीने 1981 साली वर्कर हा चाकू काढून पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप दिली. आजच्या रोजवापराच्या चाकूचे रूप बव्हंशी तिथून आले, आणि नुसता हा एक धागा धरूनही उत्तम संग्रह उभा राहतो. दिसेल ते घेत गेल्यास संख्या वाढते, पण तुलना करण्यासारखे काही हाती लागत नाही.

जुना चाकू घेताना पात्याच्या बुंध्यावरची मोहर वाचायला शिकावे. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने 1970 साली मोहरेखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत नेला, त्यामुळे त्या दशकातल्या चाकूचे वर्ष ठिपके मोजून काढता येते. त्याच कंपनीचा नमुना क्रमांकही बोलका आहे: 6254 मधला 6 म्हणजे हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 म्हणजे ट्रॅपर हा घाट. बकच्या चाकूंवर 1986 पासून वर्षाची खूण असते. मोहर जुनी पण मूठ, खिळे किंवा स्प्रिंग नवे असा जोडकाम केलेला नग बाजारात भरपूर असतो. पात्यावर झीज असताना मोहर कोरी करकरीत दिसत असेल तर सावध व्हावे. पाते मूळ लांबी-रुंदीचे उरले आहे की धार लावून लावून अर्धे झाले आहे, हे मूळ चित्राशी ताडून पाहावे. पॉलिश करून चकचकीत केलेल्या जुन्या चाकूपेक्षा मूळ डाग असलेला चाकू संग्राहकाला अधिक मोलाचा असतो.

नकली मालाची तक्रार आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारात सर्वांना परिचित आहे. नामांकित चाकू निम्म्या किमतीत मिळत असेल तर अधिकृत वितरकाकडे चौकशी केल्याशिवाय घेऊ नये. नकलेत बाहेरचे रूप बहुधा हुबेहूब असते. फसवणूक वजनात, सांध्याच्या खरखरीत आणि अक्षरांच्या पुसट कोरीवकामात पकडता येते.

कायदा खरेदीच्या आधी पाहावा. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. दिल्लीत मात्र 1980च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंसाठी 7.62 सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली ठरावीक काळासाठी चाकू बाळगण्यावरच बंदी येऊ शकते, म्हणून सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. बटण दाबून उघडणारा चाकू संग्रहासाठीही टाळावा. विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे की तिथे सबळ कारणाशिवाय बाळगता येणारा चाकू 3 इंचांपर्यंतच्या धारेचा आणि लॉक नसलेला असावा लागतो.

आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, साध्या कार्बन पोलादाला पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. लिंबू किंवा कैरी कापल्यावर पाते लगेच धुऊन कोरडे करावे आणि खाद्य दर्जाच्या खनिज तेलाचे बोट फिरवावे. खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन सांधा जाम करते. कापण्याने पात्यावर चढणारी राखाडी-निळसर छटा हा गंज नव्हे, ती राहू द्यावी. ओपिनेलचे लाकूड दमट हवेत फुगते आणि पाते अडकते. तेव्हा कडे उघड्या बाजूला फिरवून मुठीचे मागचे टोक टेबलावर हलके आपटावे, म्हणजे पाते बाहेर येते, आणि पावसाळ्याआधी सांध्याच्या खाचेत जवसाचे तेल मुरवल्यास हा त्रास कमी होतो. चाकू कातडी म्यानात घालून साठवू नयेत, कारण कातडे ओल धरते आणि त्यातल्या कमावणीच्या द्रव्यांमुळे पितळ हिरवे पडते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत आणि दर महिन्याला उघडून पाहावेत. सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) मुठीचे जुने चाकू मात्र त्या डब्यात कधीही ठेवू नयेत. सेल्युलॉइड विघटित होताना आम्लयुक्त वाफा सोडते आणि शेजारच्या चाकूंची पाती त्याने गंजतात, म्हणून असे नग वेगळे आणि हवेशीर जागी ठेवावेत.