खंडित कारकिर्दीचे चरित्र कसे लिहावे: ललिता पवार यांच्या निमित्ताने

एखाद्या नटाची किंवा नटीची कारकीर्द मध्येच तुटली असेल, तर चरित्र लिहू पाहणाऱ्याच्या कानावर सर्वांत आधी येते ती त्या तुटण्याची गोष्ट, आणि बहुतेक वेळा तो तिथेच अडकतो. ललिता पवार यांच्याबाबत नेमके हेच झाले आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी प्रसंगाची गरज म्हणून मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली, उपचार तीन वर्षे चालले आणि नायिका संपून खाष्ट सासू उरली, असा तो रूढ पाठ आहे. केवळ त्याच्या आधारे लिहायला बसल्यास चरित्र होत नाही, किस्सा होतो.

म्हणून पहिले काम लेखनाचे नाही, चित्रपटसूचीचे आहे. सूची करताना नावाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण जुन्या काळात नट्यांची नावे लग्नाने, कंपनीच्या मर्जीने किंवा नुसत्या सोयीने बदलत. १९१६ मध्ये येवल्याला जन्मलेल्या या मुलीचे नाव अंबा होते आणि मूकपटांच्या काळात ती ‘अंबू’ या नावानेही झळकली. केवळ ‘ललिता पवार’ शोधणाऱ्याच्या हातून मूकपटांचा काळ निसटतो, आणि मग थपडेआधी जणू काही घडलेच नव्हते असे चित्र तयार होते. वास्तविक १९३२ च्या ‘कैलास’मध्ये त्या नायिका होत्या आणि निर्मितीतही त्यांचा वाटा होता, १९३८ च्या ‘दुनिया क्या है’च्या निर्मितीतही त्या होत्या. १९४२ मध्ये जखमी झालेली स्त्री होतकरू मुलगी नव्हती, तर या धंद्यात चौदा-पंधरा वर्षे मुरलेली, पैसा लावण्याची हिंमत असलेली नटी होती.

साधनांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हा पहिला थांबा. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केलेल्या आहेत. मूकपटांच्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या असल्यामुळे कागदावरच भिस्त ठेवावी लागते. हिंदी बोलपटांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हाताशी असावा. मराठीसाठी त्या त्या वर्षीच्या वृत्तपत्रांतील जाहिराती चाळण्याला पर्याय नाही. काम कंटाळवाणे आहे, पण चित्रपट कोणत्या आठवड्यात कुठे लागला हे तिथेच कळते. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेला चित्रपट सूचीत चुकून दोनदा मोजला जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

सूची तयार झाली की खंड मोजायचा, आणि तो आठवणींवरून नव्हे, तारखांवरून मोजायचा. इथे ‘रामशास्त्री’ आडवा येतो. प्रभातचा हा चित्रपट १९४४ चा, आणि त्यात आनंदीबाईंची भूमिका ललिताबाईंची आहे. तीन वर्षे उपचार चालले हे खरे धरले, तरी तीन वर्षे पडद्यापासून पूर्ण दूर राहिल्या असे मग लिहिता येत नाही. उपचार आणि काम ही दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. शिवाय प्रदर्शनाचे वर्ष म्हणजे चित्रीकरणाचे वर्ष नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते, त्यामुळे चित्रपट रखडण्याची कारणे नटाच्या प्रकृतीपलीकडचीही असू शकतात. सूचीत दोन्ही तारखांसाठी वेगळे रकाने ठेवावेत आणि चित्रीकरणाचा पुरावा नसेल तिथे रकाना कोरा सोडावा.

छायाचित्रांवरून दुखापतीबद्दल काही ठरवायचे असेल, तर एक खबरदारी घ्यावी. निगेटिव्ह उलटी धरून छापलेली छायाचित्रे जुन्या नियतकालिकांत आणि आता इंटरनेटवर आढळतात, आणि मग डावा डोळा उजवा होतो. चौकटीत कोटातला पुरुष असेल तर त्याचा छातीवरचा खिसा पाहावा. तो त्याच्या डाव्या बाजूला नसेल, तर छायाचित्र बहुधा उलटे आहे. पाटी किंवा कॅलेंडर दिसत असेल तर प्रश्नच मिटतो. ही खात्री झाल्यावरच आधीच्या आणि नंतरच्या चेहऱ्यांची तुलना करावी.

सर्वांत जास्त पाने मात्र खंडानंतरच्या कामाला द्यावीत, असे माझे मत आहे. डोळा बारीक झाला म्हणून खलभूमिका मिळाल्या, हे स्पष्टीकरण सोपे आहे. पण तिशीकडे झुकलेल्या नायिकांना तेव्हा तसेही कोण किती काळ नायिका ठेवत होते, हा प्रश्न त्यात दडपला जातो. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळीवाली गंगामाई आणि ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा पाहाव्यात. डिसाबाईंचा तोंडाचा पट्टा सतत चालू असतो, पण माया लपत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. तोच चेहरा, तोच डोळा, पण परिणाम दुष्टपणाचा नाही. असे दोन प्रसंग शेजारी ठेवून लिहिले की दूरदर्शनवरील ‘रामायणा’तील मंथरेकडे वाचक अभिनय म्हणून पाहू लागतो. जिथे परत येणे जवळजवळ शक्यच झाले नाही, जसे १९८७ च्या मोटार अपघातानंतर मराठी अभिनेत्री रंजना यांचे, तिथे हे प्रमाण अर्थातच बदलेल आणि आधीच्या चित्रपटांचे पारडे जड राहील.

दुसऱ्या पक्षावरही अन्याय होऊ देऊ नये. थपडेच्या अनेक कथनांत भगवानदादा ‘नवखे नट’ असतात. प्रत्यक्षात १९३८ मध्येच त्यांनी ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शन केले होते. तेव्हा ‘नवखे’ हा शब्द काढून टाकावा, हेतूविषयीची अटकळ गाळावी आणि ती घटना लेखाच्या सुरुवातीला न मांडता तिच्या काळात, म्हणजे १९३० च्या दशकातील कामाचा आढावा संपल्यावर, तीन-चार वाक्यांत सांगावी. त्याला लागूनच ‘रामशास्त्री’चा परिच्छेद सुरू करावा.